सरकारी आहे ना?

लासूर स्टेशनात मुलगा आयटीआय झाला, की घरात दोन वाटांची चर्चा सुरू होते. एक वाट वाळूजची. दुसरी मनमाडमार्गे जाणारी: ओझरचा विमान कारखाना, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माण्या, नाहीतर थेट विदर्भात भंडारा नि चांदा. वाळूजला डबा घेऊन जाता येते, दुसऱ्या वाटेला ट्रंक लागते. तरीही वडीलधाऱ्यांचा कल ट्रंकेकडेच. ‘सरकारी आहे ना?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो. मी एका आयुध निर्माणीत एकतीस वर्षे काढली, म्हणून लोक तो मलाच विचारतात. पूर्वी मी ‘हो’ म्हणून चहा मागवत असे. आता चहा संपला तरी उत्तर संपत नाही.

जे चांगले ते आधी सांगतो. निर्माणीच्या वसाहतीत क्वार्टर मिळे, शाळा आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर. पगाराची तारीख चुकत नसे. गंगापूर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात, जिथे कांद्याचा भाव रात्रीत कोसळतो, तिथे ठरलेल्या तारखेला येणारा पगार म्हणजे काय चीज आहे, हे शहरी वाचकांना कदाचित उमगणार नाही. माझ्या दोन बहिणींची लग्ने ओव्हरटाइमच्या पैशावर झाली. १९९९ साली कारगिलचे युद्ध पेटले तेव्हा आम्ही रविवारीही कामावर होतो. थकवा होता, पण कुणी कुरकुर केल्याचे आठवत नाही. आपण वळलेले काडतूस कुठे चालले आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

आता दुसरी बाजू. स्फोटकांच्या इमारतीत काम करणाऱ्याला कारखान्याच्या भाषेत ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ म्हणतात. आत जाताना काडेपेटी, विडी, मोबाईल सारे बाहेर ठेवायचे. सुती कपडे, वेगळे बूट. अंगातली स्थिर वीज जमिनीत उतरवण्यासाठी तांब्याच्या पट्टीला हात लावूनच उंबरा ओलांडायचा. ठिणगी उडू नये म्हणून हत्यारे लोखंडाची नव्हेत, पितळ-कांशासारख्या धातूंची. दारावर फलक असतो: आत एका वेळी किती माणसे आणि किती किलो माल. इमारतीभोवती मातीचा उंच बांध घातलेला असतो. हा बांध आतल्या माणसांसाठी नसतो. एक इमारत गेलीच, तर शेजारची वाचावी म्हणून तो असतो. नव्या मुलाला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते आणि त्या रात्री त्याला जेवण जात नाही. वर्षभराने तो त्याच बांधाच्या सावलीत उभा राहून क्रिकेटच्या गप्पा मारतो. भीती कमी होते, धोका तेवढाच राहतो.

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. त्याआधी १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावला सोलर या खासगी कंपनीच्या कारखान्यात नऊ जण मृत्युमुखी पडले, त्यांत सहा बायका होत्या. मालक सरकार असो वा खासगी, बारूद विचारत नाही.

मग सरकारीचे काय राहिले? देशातल्या ४१ निर्माण्या चालवणारे आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त झाले आणि त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या निर्माण्या पुण्याला मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेल्या. युनियन संपाच्या तयारीत होत्या, तर त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातल्या संपावर एका वर्षापुरती बंदी घालणारा कायदा आला. जुन्या कामगारांना आधी दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर मानले गेले, पुढे मुदतवाढी मिळत गेल्या. जुन्यांचे हक्क शाबूत, असे सरकारने सांगितले, ते बहुतांशी खरेही आहे. पेन्शनची गोष्ट तर त्याहून जुनी: १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाहीच.

खरा फरक नव्या मुलांना पडला. आमच्या गल्लीतला एक मुलगा केमिकल प्लँटच्या ट्रेडचा, निर्माणीत ॲप्रेंटिस केलेला. गेल्या वर्षी त्याने डेंजर बिल्डिंगच्या कंत्राटी जागेचा अर्ज आणला. एक वर्षाची नेमणूक, वाढत वाढत फार तर चार वर्षे. मूळ पगार १९,९०० आणि वर महागाई भत्ता. म्हणजे धोका आमच्याएवढाच, आणि चार वर्षांनी पुन्हा लासूर स्टेशन. त्याचे वडील मला म्हणाले, “भाऊ, अनुभव तर मिळेल ना?” मिळेल. पण बारूद भरण्याचा अनुभव वाळूजच्या कोणत्या कारखान्यात चालणार, हे मला सांगता आले नाही. (खासगी स्फोटक कंपन्यांत चालेल. त्या वाढत आहेत, हेही खरेच.)

ओझरचे गणित वेगळे आहे. तिथे १९६४ पासून विमाने बनतात. मिग-२१ पासून सुखोईपर्यंत हात बसलेला फिटर कुठेही उपाशी राहत नाही. पण तिथेही कारखान्याचे पोट सरकारी ऑर्डरवर. मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले आणि तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, तिथेच तयार झालेले पहिले तेजस उडाले. अशी ऑर्डर हाती असली की सुगी. एक ऑर्डर संपून दुसरी आली नाही, की मशीन पुसत बसायचे. कारखान्याचा एकच गिऱ्हाईक असतो, आणि तो दिल्लीत बसतो.

त्या मुलाला मी जा किंवा जाऊ नको, असे म्हटले नाही. तीन गोष्टी लेखी विचार म्हटले: चार वर्षांनंतर पुढे काय, अपघात झाला तर कंत्राटी माणसाच्या घरच्यांना नेमके किती आणि कोण देणार, आणि क्वार्टर मिळणार की खोली भाड्याने घ्यावी लागणार. तिन्हींपैकी दोघांची उत्तरे आली. दुसऱ्या प्रश्नाचे यायचे आहे. त्याच्या आईने ट्रंक मात्र धुऊन उन्हात ठेवली आहे.