धुरावरून पारख

चुलीपुढे बसलेली बाई लाकूड तोलत नाही, वाराही मोजत नाही. ती धूर पाहते आणि लाकूड मागे ओढायचे की फुंकणी घ्यायची ते ठरवते. मोटारीच्या धुराच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हेच काम करतो.

एक किलो पेट्रोल पुरते जळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! कार्ब्युरेटर हे प्रमाण अंदाजानेच राखी. १९७६ साली बॉश कंपनीचा सेन्सर व्होल्वो गाडीत प्रथम आला, तो कॅलिफोर्नियातील धुराच्या कडक नियमांमुळे.

सेन्सरच्या पोटात झिर्कोनिया नावाचे चिनीमातीसारखे द्रव्य असते. ते सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापले, की धुरातला प्राणवायू आणि बाहेरच्या हवेतला प्राणवायू यांच्या तफावतीतून किंचित वीज उत्पन्न होते. धुरात प्राणवायू उरलाच नाही, तर ०.९ व्होल्टच्या आसपास; भरपूर उरला, तर ०.१. मग इंजिनाचा संगणक ०.१ पाहून पेट्रोल वाढवतो, ०.९ पाहून कमी करतो. हे खालीवर सारखे चालूच असते.

आता खरी गोम पाहा. सेन्सरला पेट्रोल कळतच नाही. कळतो तो फक्त उरलेला प्राणवायू. एखादा प्लग ठिणगी देईनासा झाला, की त्या नळकांड्यातले पेट्रोल न जळताच बाहेर पडते, आणि त्याच्याबरोबर हवाही. सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो, 'प्राणवायू पुष्कळ आहे.' संगणक बिचारा समजतो, पेट्रोल कमी पडले, आणि आणखी ओततो! हे कच्चे पेट्रोल पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते. तो तापून वितळला, म्हणजे सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा खर्च.

सेन्सर म्हातारा होत नाही असे नाही. काजळी धरते, तो मंदावतो. शिशाच्या पेट्रोलाने तर तो मरतोच. पण मीटर लावल्यावर व्होल्ट चटचट खालीवर होत असतील, तर त्याला बोल लावू नये.

माझ्या सोळा वर्षांच्या गाडीचे ॲव्हरेज एकदम घसरले. मिस्त्रींनी सेन्सर बदलला, मीही मुकाट्याने पैसे मोजले. फरक शून्य! शेवटी पहाटेच्या थंड इंजिनाशी कान लावला, तर सेन्सरच्या अलीकडे नळीला केसाएवढी चीर. तिथून बाहेरची हवा आत शिरत होती. वेल्डिंगवाल्याने दहा मिनिटांत ती बुजवली. जुना सेन्सर मी पुन्हा बसवला. तो अजून चालतो आहे.