पात्रांची घडण (भाग ७) : दोषांसकट आवडणारी माणसे

पात्राचा दोष आणि त्याचा गुण एकाच मुळातून फुटलेले असले, की वाचक त्या पात्राला दोषासकट आपले मानतो. मराठीत याची सर्वांत जवळची उदाहरणे पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’त सापडतात. या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्यातले हरितात्या इतिहास सांगतात तो जणू स्वतः शिवाजी महाराजांच्या शेजारी उभे राहून पाहिल्यासारखा. व्यवहारात ही निव्वळ थाप. पण ऐकणाऱ्या मुलांसाठी त्या थापेतूनच इतिहास जिवंत होतो. थाप काढून घेतली तर हरितात्याच उरत नाहीत. दोष निवडताना हीच कसोटी लावावी. तो वगळल्यावर पात्राचे काहीच बिघडत नसेल, तर तो वरून चिकटवलेला आहे.

अंतू बर्वा अधिक अवघड. रत्नागिरीचा हा म्हातारा कमालीचा फटकळ. त्याच्या तिरकस बोलण्यातून कोणीच सुटत नाही. गावात वीज येते, तरी तो ती घरात घेत नाही. उजेड पाडून बघायचे काय, तर आपलेच दारिद्र्य, असा त्याचा हिशेब. बायको गेलेली, मुलगा मुंबईत. जिभेची ही धार कशावर लागली ते तेव्हा उमगते. पु. लं.नी हे कारण आरंभी सांगितलेले नाही, आणि सारे कसब त्या क्रमात आहे. आधी वाचक मनमुराद हसतो, मग त्याला एकटेपणा दिसतो. उलट केले असते तर सुरुवातीलाच कीव आली असती, आणि कीव आलेल्या माणसाला हसताना मन कचरते. नवे लेखक नेमकी इथे घाई करतात. पहिल्याच पानावर बालपणीचे दुःख सांगून पात्रासाठी माफी मिळवू पाहतात.

दोष कोणाला भोवतो, हेही पाहावे लागते. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाचा भित्रेपणा आणि धांदरटपणा बहुधा त्याच्याच अंगाशी येतो, म्हणून तो चटकन जवळचा वाटतो.

झळ दुसऱ्याला बसू लागली, की काम कठीण होते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मधला (१९७२) सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणतो, त्यांच्यावर सत्ता गाजवतो, हात उगारतो. तरीही त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही, कारण घराचे नियम तो पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतो. लग्नाच्या पावित्र्याआड लपत नाही. तेंडुलकर त्याच्या हिंसेला सबब पुरवत नाहीत. त्याने घरी आणलेल्या लक्ष्मी आणि चंपा यांना ते स्वतःची भूक, स्वतःचा राग, स्वतःची भाषा देतात; मार खाणारीला अशी जागा नसती, तर सखारामविषयीची आस्था हा पक्षपात झाला असता. म्हणूनच अखेरीस तो चंपाचा गळा दाबतो, तेव्हा त्याच्याविषयी तोवर वाटू लागलेली जवळीक प्रेक्षकालाच अडचणीत आणते.