रेणूंची साक्ष : लेखांक 6 – गंधकाच्या बंधाचा माग

ताम्हिणीच्या डोंगरांवर कोसळणारा पाऊस मुळशीच्या जलाशयात साठतो, तिथून सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याच्या वीजगृहात उतरतो आणि त्याची वीज मुंबईकडे जाते. हे सगळं घडतं ते पाणी द्रव आहे म्हणून. खरं तर रेणूच्या वजनाकडे पाहिलं, तर पाणी वायू असायला हवं होतं. त्याचा रेणुभार 18, तर हायड्रोजन सल्फाइडचा 34. तरीही हा जड रेणू उणे 60 अंश सेल्सिअसलाच उकळतो, पाण्याला मात्र 100 अंश लागतात. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवणाऱ्या हायड्रोजन बंधाची ओळख गेल्या आठवड्यात झाली. या वेळचा प्रश्न गंधकाचा आहे. ऑक्सिजनच्याच गटातलं हे मूलद्रव्य असा बंध जुळवू शकतं का?

पाठ्यपुस्तकांचं उत्तर बराच काळ ठरलेलं होतं : जेमतेम. पॉलिंगच्या मोजपट्टीवर ऑक्सिजनची विद्युतऋणता 3.44 आणि गंधकाची 2.58. म्हणजे हायड्रोजनला आपल्याकडे ओढायची गंधकाची ताकद कमी. पण आपल्या शरीरातल्या प्रथिनांमध्ये मेथिओनीन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं आहेत. गंधकाचे बंध दुबळे म्हणून सोडून दिले, तर प्रथिनांच्या घडणीतला एक धागा नजरेआड होतो. हा धागा चिकाटीने तपासणाऱ्यांमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिक रसायनशास्त्रज्ञ संजय वाटेगावकर यांचं नाव ठळक आहे.

वाटेगावकरांचे 1980च्या दशकातले शोधनिबंध डॉन सेट्सर यांच्यासोबतचे आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात सेट्सर यांची प्रयोगशाळा होती. तिथला विषय वेगळा होता. रासायनिक अभिक्रियेतून नुकताच जन्मलेला रेणू थरथरत असतो आणि अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो. त्या प्रकाशावरून अभिक्रियेतली ऊर्जा कुठे गेली, याचा हिशेब लागतो. याच तंत्रासाठी जॉन पोलॅनी 1986च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटेकरी झाले.

पुढे कुलाब्यातल्या टाटा संस्थेत प्रश्न बदलला, पद्धतही बदलली. तिथला प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. हेलियमसारख्या वायूत पॅरा-क्रेसॉलची वाफ आणि किंचित पाणी किंवा हायड्रोजन सल्फाइड मिसळायचं. हे मिश्रण दाबाखाली बारीक छिद्रातून निर्वात पात्रात सोडायचं. फवारा पसरताना इतका गार होतो की रेणूंचं गरगरणं जवळपास थांबतं आणि त्यांच्या नाजूक जोड्या टिकून राहतात. मग अतिनील लेसरने नेमक्या एकाच प्रकारच्या जोडीचं आयनात रूपांतर करायचं, म्हणजे संकेत स्थिर मिळत राहतो. त्याच्या निमिषभर आधी अवरक्त लेसर सोडायचा आणि त्याची वारंवारता हळूहळू सरकवत न्यायची. ती जोडीतल्या कंपनाशी जुळली की संकेत एकदम खाली येतो. ती खाच म्हणजेच साक्ष!

ही साक्ष वाचायची कशी? पॅरा-क्रेसॉलच्या साध्या भावंडाचं, फिनॉलचं उदाहरण घेऊ. त्याच्या एकट्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचं कंपन 3657 प्रति सेंटिमीटरला दिसतं. शेजारी पाण्याचा एक रेणू जोडला गेला की ते 3524 वर येतं. साधारणपणे जितकी घसरण मोठी, तितका हायड्रोजन बंध बळकट.

पॅरा-क्रेसॉलची निवडही विचारपूर्वक होती. टायरोसीन या अमिनो आम्लाच्या टोकाशी हीच रचना असते. हिमांशु बिस्वाल, प्रणव शिरहट्टी आणि वाटेगावकर यांनी 2009 मध्ये पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड यांची अशी थेट तुलना प्रसिद्ध केली. त्यात गंधकाचा बंध ऑक्सिजनच्या बंधापेक्षा कमजोर निघाला, पण तो खराखुरा हायड्रोजन बंध होता. शिवाय त्याच्या घडणीत विद्युतभारांच्या आकर्षणापेक्षा इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हेलकाव्यांतून येणाऱ्या आकर्षणाचा वाटा मोठा होता. पुढे इथर आणि त्याचा गंधकी भाऊबंद यांची तुलना झाली, तेव्हा तर गंधक ऑक्सिजनच्या बरोबरीला आलं. प्रस्तुत लेखकाला या कामातली ही पायरी सर्वांत मोलाची वाटते, कारण ‘गंधक दुबळं’ हा सरसकट निकाल तिथे कोसळतो. बंधाचं बळ गंधकाला आणखी काय जोडलेलं आहे, यावरही ठरतं.

प्राध्यापकाची कारकीर्द मोजताना आपल्याकडे पदं आणि पुरस्कार आधी पाहिले जातात. या क्षेत्रात विद्यार्थी पाहावेत. बिस्वाल फ्रान्समध्ये साक्ले इथे मिशेल मॉन्स यांच्या गटात गेले आणि मेथिओनीनमधला गंधकाचा बंध तिथे तपासला गेला. पुढे ते भुवनेश्वरच्या नायसर संस्थेत प्राध्यापक झाले. शिरहट्टी टाटा संस्थेच्या हैदराबाद केंद्रात रेणू पृष्ठभागावर आदळतात तेव्हा काय घडतं, हे अभ्यासतात.

सेट्सर यांच्याच हाताखाली तयार झालेले ई. अरुणन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. हायड्रोजन बंधाची नवी आंतरराष्ट्रीय व्याख्या 2011 मध्ये प्रसिद्ध झाली, ती ठरवणाऱ्या गटाचं नेतृत्व त्यांनी केलं. खुद्द हायड्रोजन सल्फाइडचे दोन रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधाने जोडले जातात, याचा एक पुरावा वाटेगावकरांच्या गटाने जपानी सहकाऱ्यांसह 2013 मध्ये अवरक्त प्रकाशातून दिला होता. अरुणन यांच्या गटाने 2018 मध्ये त्याला सूक्ष्मतरंगांच्या वर्णपटाची थेट पुष्टी दिली. सूक्ष्मतरंग रेणूचं कंपन सोडून त्याचं फिरणं मोजतात. ते कसं, हे पुढच्या लेखांकात पाहू.