मान बांधली म्हणून पाठ सुधारत नाही

लंजिंगच्या, म्हणजे घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवण्याच्या, रिंगणाशेजारी उभं राहिलं की एक सल्ला हमखास कानावर पडतो : ‘‘साइड रेन अजून दोन भोकं आखडा. मान आली की पाठ आपोआप येईल.’’ सांगणारा अनुभवी असतो आणि साइड रेन, म्हणजे तोंडातल्या बिटपासून घोड्याच्या अंगावरच्या पट्ट्याला बांधलेली वादी, आखडताच घोडाही लगेच मान वाकवून दाखवतो, त्यामुळे नवशिक्याला ते पटतं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारातलं) सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. तिथल्या घोड्यांच्या मानेची डौलदार कमान आता अनेकांना आपल्या घोड्यात हवी आहे, तीही महिन्याभरात. ती असं बांधून मिळत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

घोड्याची पाठ उचलली जाते ती मागून. मागचा पाय पोटाखाली पडला आणि पोटाचे स्नायू आवळले की कणा वर येतो. पुढून त्याला साथ देतो तो कवटीच्या मागून निघून खांद्यांवरच्या उंचवट्याकडे जाणारा जाड, लवचीक अस्थिबंध. घोड्याने आपण होऊन मान पुढे आणि खाली लांबवली की हा बंध ताणला जातो आणि पाठीला वर उचलायला मदत करतो. साइड रेन आखडून नाक छातीकडे ओढलं तर मान लांबत नाही, उलट आखूड होते. घोडा बिटचा दाब चुकवायला मानेच्या मध्यावर दुमडतो, पाठ ताठ धरतो आणि मागचे पाय मागेच रेंगाळतात. नुसत्या उभ्या घोड्याचंही जवळपास ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. तोंड बांधून ते मागे कसं जाणार?

यावर ‘परदेशात सगळे असंच करतात’ असं उत्तर मिळतं. तर परदेशातलंच पाहू. एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या ड्रेसाज नियमांत कानांमागचा माथा हा सर्वांत उंच बिंदू असावा आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे असावं, असं सांगितलं आहे. २०१० मध्ये याच महासंघाने आक्रमक बळ वापरून घोड्याचं डोकं-मान वाकवणं अमान्य ठरवलं. आखडलेल्या साइड रेनमध्ये नाक उभ्या रेषेच्या मागे जातं, सर्वांत उंच बिंदू मानेवर मागे सरकतो आणि घोड्याला समोरचं दिसणंही कमी होतं.

खरं काय चाललंय ते रेती सांगते. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) घोडा नुकताच गेला त्या जागी वाकून पाहा. मागच्या खुराचा ठसा पुढच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे पडलाय का? की रेन आखडल्यापासून तो वीतभर मागे पडू लागलाय? मग घोड्याकडे पाहा. ओठांचे कोपरे मागे ताणलेले, शेपूट सारखी आपटतेय, तोंड उघडं, मानेची खालची बाजू फुगलेली. अशा घोड्याची मान कितीही वाकलेली असो, पाठ काम करत नाही.

साइड रेन वाईट नाही, तिचा वापर चुकतो. आधी घोडा तिच्याशिवाय मोकळा करावा. मग नाक उभ्या रेषेच्या पुढे राहील इतक्या लांबीवर ती लावावी. ट्रॉटमध्ये डोकं बऱ्यापैकी स्थिर असतं, म्हणून तिचा उपयोग तिथे. वॉकमध्ये (साध्या चालण्यात) प्रत्येक पावलाला डोकं झुलतं. तिथे आखडलेली रेन ते झुलणंच अडवते, म्हणून विश्रांतीच्या वॉकमध्ये ती काढावी. कोवळ्या घोड्याला एकदम घट्ट बांधलं तर तो घाबरून मागच्या पायांवर उभा राहतो आणि उलटा पडू शकतो. हे अपघात टाळता येण्यासारखे असतात, म्हणूनच संताप येतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

‘छोटं रिंगण म्हणजे जास्त ताबा.’ त्याच वेगात १० मीटर व्यासाच्या रिंगणात बाजूचा जोर २० मीटरच्या रिंगणापेक्षा दुप्पट पडतो, आणि तो सांध्यांना सोसावा लागतो.

‘लंजिंग म्हणजे घोड्याला दमवणं.’ दमलेला घोडा शिकत नाही. १५-२० मिनिटं, दोन्ही बाजूंना, लक्ष देऊन केलेलं काम पुरतं.

‘चाबूक मारायलाच असतो.’ स्वार पाठीवर नसताना त्याच्या पायाचं काम चाबूक करतो. तो दाखवायचा, मारायचा नाही.

‘दोरी मनगटाला गुंडाळली की घोडा सुटत नाही.’ पाचशे किलोचा घोडा बिथरला तर दोरीसोबत माणूसही फरफटतो. हातमोजे घाला, दोरीच्या घड्या हातात धरा.

‘लगाम जितका कडक तितका घोडा शहाणा.’ काटेरी लगामाला तर भारतातल्या ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनीच बंदी घातली आहे.

कोणतंही साधन वापरा, त्याची परीक्षा एकच : ते काढून ठेवा आणि घोड्याला चार फेऱ्या मोकळं पळू द्या. मान लांबलेली, पाठ डोलती आणि मागचा पाय खाली पडता राहिला तर साधनाने काम केलं. डोकं लगेच वर उडालं आणि पाठ खचली, तर इतके दिवस फक्त मान बांधलेली होती. अशा वेळी रेन आखडू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.