विज्ञानशाखेचा प्रवेश : कोणतें दार निवडावें?

ज्येष्ठ-आषाढाचे दिवस आले, म्हणजे बारावीची परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या घरीं एक निराळीच चिंता सुरू होते. प्रवेश मिळतो कीं नाहीं, ही ती चिंता नव्हे; ती संपलेली असते. विज्ञानाची ओढ असलेल्या मुलास दोन-तीन संस्थांकडून होकार आलेला असतो, आणि थोड्याच दिवसांत शुल्क भरून त्यांतील एक जागा पक्की करावयाची असते. एक दार उघडावयाचें, तर बाकीचीं आपल्याच हातानें लावावीं लागतात. एकत्र कुटुंबांत अशा वेळीं आजोबांचें एक मत पडतें, काकांचें दुसरें, आत्याबाईंचें तिसरें. आणि ज्याला जावयाचें, त्याचें मत बहुधा सर्वांच्या शेवटीं विचारलें जातें. म्हणून ही निवड कशी करावी, हें येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

साताऱ्याच्या एखाद्या घरांतील, भौतिकशास्त्राची आवड असलेली मुलगी डोळ्यांपुढें आणा. तिच्यापुढें चार वाटा आहेत असें समजूं. पहिली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची. जमशेटजी टाटांच्या संकल्पांतून ही संस्था १९०९ सालीं निघाली. शंभर वर्षें ती मुख्यत्वें पदवीधरांच्या संशोधनाचें स्थान होती. बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठीं चार वर्षांचा अभ्यासक्रम तिनें २०११ सालीं सुरू केला. दुसरी वाट पुण्यास पाषाण येथें २००६ सालीं निघालेल्या, लोकांच्या तोंडीं 'आयसर' म्हणून रुळलेल्या संस्थेची. तेथें पांच वर्षांची जोड पदवी मिळते. प्रारंभीं सर्व शास्त्रांचा परिचय, विशेष विषय मागाहून, आणि शेवटच्या वर्षीं संशोधनाचा प्रबंध, असा क्रम आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तर तिच्या शेजारींच आहे. तिसरी वाट मुंबईस कलिना येथील मूलभूत विज्ञानकेंद्राची. अणुऊर्जा विभाग व मुंबई विद्यापीठ यांनीं मिळून तें २००७ सालीं स्थापिलें, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील व भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांच्या अध्यापनाचा लाभ तेथील विद्यार्थ्यांस होत आला आहे. चौथी वाट फर्ग्युसनसारख्या जुन्या महाविद्यालयाची. तेथें तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडतां येतें. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चौथें वर्ष करण्याचीही सोय झाली आहे.

यांपैकीं कोणतीही वाट वाईट नाहीं. खरा प्रश्न, कोणती संस्था मोठी हा नसून, कोणती या मुलीस मानवेल हा आहे. परंतु घरांतील चर्चा बहुधा नांवापाशींच घोटाळते. शेजाऱ्यांस सांगतां येईल असें नांव हवें, असें कोणी उघड म्हणत नाहीं. पण मनांत तें असतें. नांवावर भिस्त ठेवणाऱ्यांनीं रँग्लर परांजपे यांचें चरित्र आठवावें. कोंकणांतील मुर्डीचा हा मुलगा फर्ग्युसनमध्यें शिकावयास आला, तेव्हां त्या महाविद्यालयास दहा वर्षेंही झालेलीं नव्हतीं. १९८५ सालीं त्याचा शतसंवत्सर उत्सव पाहणाऱ्यांस तें वैभव दिसलें. परांजप्यांस दिसले ते कांहीं निष्ठावंत शिक्षक. तेथूनच ते केंब्रिजला गेले आणि १८९९ सालीं सीनियर रँग्लर झाले. जयंतराव नारळीकरांनीं पहिली पदवी घेतली ती काशी हिंदु विश्वविद्यालयाची, १९५७ सालीं. त्यांचे वडील तेथेंच गणिताचे अध्यापक होते. म्हणजे, घराजवळचें शिक्षण म्हणून तें कमी दर्जाचें, असेंही नाहीं.

मग पाहावें तरी काय? आमच्या मतें पुढील गोष्टींची चौकशी करावी. पहिल्या वर्षाचे वर्ग कोण घेतें : अनुभवी प्राध्यापक, कीं वर्षागणिक बदलणारे तात्पुरते शिक्षक? विद्यार्थ्यास प्रयोगशाळेंत स्वतःच्या हातानें किती काम करावयास मिळतें? आज भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलीस दोन वर्षांनीं जीवशास्त्राची गोडी लागली, तर विषय बदलतां येतो काय? अठराव्या वर्षींची आवड खरी असते, पण ती अखेरची असतेच असें नाहीं. म्हणून या प्रश्नाचें महत्त्व फार आहे. आधीं बाहेर पडलेले विद्यार्थी पुढें कोठें गेले, हेंही विचारावें. या साऱ्यांचीं उत्तरें माहितीपत्रकांत शोधूं नयेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षांत शिकणाऱ्या मुलामुलींशीं अर्धा तास बोलावें. त्यांना संस्थेची भलावण करण्याचें कारण नसतें.

यानंतर पैशाचा हिशेब. तो एका वर्षाचा न करितां सर्व वर्षांचा करावा : शुल्क, वसतिगृह, खानावळ, जाण्यायेण्याचा खर्च. शिष्यवृत्ती मिळणार असेल, तर ती टिकविण्यास किती गुण लागतात, तें लेखी पाहून घ्यावें. जागा सोडल्यास भरलेले पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात, हेंही आधींच टिपून ठेवावें.

आतां थोडें स्पष्ट बोलावयाचें, तें मुलींविषयीं. आमच्या उदाहरणांतील मुलीच्या जागीं मुलगा असता, तर बंगळूरचें अंतर कोणी मोजलें असतें काय? मुलाच्या बाबतींत जें धाडस ठरतें, तेंच मुलीच्या बाबतींत काळजीचें कारण होतें. १९३३ सालीं मुंबईची पदवी घेतलेल्या कमला भागवत, पुढें कमलाबाई सोहोनी, यांनीं याच बंगळूरच्या संस्थेंत प्रवेश मागितला. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या त्या भगिनी. त्यांचे वडील व चुलते दोघेही त्याच संस्थेंत शिकलेले. तरीही संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं, केवळ स्त्री म्हणून, त्यांना नकार दिला. कमलाबाईंनीं तो मानला नाहीं. पहिलें वर्ष परीक्षेचें, आणि काम पसंत पडेपर्यंत त्यास मान्यता नाहीं, अशा अपमानकारक अटी पत्करून त्या तेथें राहिल्या. आणि १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्यांनीं आपली योग्यता सिद्ध केली. संस्थेचें दार बंद होतें, तेव्हां एका मुलीनें तें उघडविलें. आज तें उघडें आहे. अशा वेळीं तें घरच्यांनींच लावून घ्यावें, हें शोभत नाहीं.

वडीलधाऱ्यांची काळजी खोटी असते, असें मात्र नाहीं. परक्या गांवचें अन्न, आजारपण, एकटेपणा, हीं संकटें खरींच. आणि तीं मुलासही चुकत नाहींत. त्यांवर उपाय म्हणजे स्वतः जाऊन वसतिगृह पाहून येणें, मुलगी घरीं ठेवणें नव्हे. पुष्कळदां 'फार लांब आहे' या शब्दांआड 'फार महाग आहे' हें लपलेलें असतें. तसें असल्यास तें मुलीला मोकळेपणानें सांगावें. पैशाची अडचण समजण्याइतकी ती मोठी झालेली असते, आणि त्या अडचणींतून कदाचित् तीच वाट काढील. परंतु खरें कारण दडवून अंतराचें निमित्त पुढें केलें, तर घरच्यांचा आपल्यावर विश्वास नाहीं, असा तिचा समज होतो, आणि तो वर्षानुवर्षें जात नाहीं.

निर्णयाची रीत अशी असावी. मुलानें किंवा मुलीनें प्रत्येक संस्थेविषयीं अनुकूल व प्रतिकूल मुद्दे स्वतःच्या हातानें कागदावर लिहावे, आणि रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर ते सर्वांपुढें वाचून दाखवावे. वडीलधाऱ्यांनीं शंका विचाराव्या, माहिती पुरवावी, खर्चाची मर्यादा सांगावी. शेवटचा शब्द मात्र ज्याला तीं चार-पांच वर्षें काढावयाचीं आहेत, त्याचा असूं द्यावा. आणि एकदां शुल्क भरलें, कीं 'दुसरी संस्थाच बरी होती' हें वाक्य घरांत कोणीही उच्चारूं नये. पहिल्या सहामाहींत गुण कमी पडले, तर त्या मुलास घरचा आधार लागेल. दुसऱ्या संस्थेची आठवण नव्हे.