खुनांची मालिका आणि एका दिवसाचे हत्याकांड

सिरियल किलर आणि एकाच वेळी अनेकांचा जीव घेणारा मारेकरी यांच्यातला फरक बळींच्या आकड्यात शोधला, तर सापडत नाही. तो दोन खुनांच्या मधल्या काळात असतो. सिरियल किलर एक खून करतो, माणसांत परत मिसळतो, कामधंदा करतो, सणवारही पाळतो, आणि काही दिवसांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा खून करतो. सामूहिक हत्याकांडात असा मधला काळच नसतो. एक जागा, एक प्रसंग, आणि सारे काही तासांत, कधी मिनिटांत संपलेले.

अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने २००५ साली टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे तज्ज्ञांची परिषद घेतली. त्यावर आधारित, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात मालिका खुनांची व्याख्या आहे: त्याच गुन्हेगाराने किंवा गुन्हेगारांनी वेगवेगळ्या प्रसंगी केलेले दोन किंवा अधिक खून. एकाच घटनेत चार किंवा अधिक बळी गेले, तर ते सामूहिक हत्याकांड. भारतीय फौजदारी कायद्यात मात्र सिरियल किलर अशी वेगळी वर्गवारी नाही. प्रत्येक खून स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

तपासाची सगळी अडचण त्या मधल्या काळातून निर्माण होते. मालिकेतला प्रत्येक खून वेगळ्या पोलीस ठाण्यात, वेगळ्या अधिकाऱ्याकडे नोंदला जातो. ही प्रकरणे एकाच हाताची आहेत हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत बळी वाढत राहतात. खानदेशाला हा अनुभव फार जुना आहे. १८२०च्या दशकात मुंबईच्या पेढ्यांचे सोने-चांदी खानदेशातून इंदूरकडे जात असे आणि ठगांच्या टोळ्या या वाटेवर टपलेल्या असत. प्रवाशांशी ओळख वाढवायची, काही मजल सोबत चालायचे, मग गळा आवळून प्रेत पुरायचे, ही त्यांची पद्धत. मेलेला माणूस त्या गावचा नसे, त्यामुळे गावात त्याची चौकशीही होत नसे. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी ताडून वेगवेगळ्या मुलखांतले खून जोडले. ठगांबद्दलच्या त्याच्या वर्णनात अतिशयोक्ती आहे, असे अनेक इतिहासकार मानतात, आणि त्या आक्षेपात तथ्य आहे. १८३६चा कायदा तर इतका कडक होता, की ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले तरी जन्मठेप होई. तरीही विखुरलेले खून एका धाग्यात ओवण्याची ती रीत तपासशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मुंबईच्या रामन राघवच्या बाबतीत नेमका हाच धागा हातून सुटला. १९६५-६६ मध्ये उपनगरांत झोपलेल्या गोरगरिबांवर हल्ले झाले, तेव्हा तो पोलिसांच्या हाती लागला होता. पुराव्याअभावी त्याला सोडावे लागले. १९६८ मध्ये हल्ले पुन्हा सुरू झाले आणि २७ ऑगस्ट रोजी त्याला अटक झाली. त्याने ४१ खुनांची कबुली दिली. त्याचा मानसिक आजार बरा होण्यासारखा नाही, या निष्कर्षावरून १९८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला.

मात्र सगळेच सिरियल किलर मनोरुग्ण नसतात. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका व सीमा यांनी १९९० ते १९९६ या काळात लहान मुले पळवली ती चोऱ्यांसाठी. गर्दीत सोनसाखळी किंवा पाकीट मारताना कडेवर मूल असले, की संशय येत नसे आणि पकडले गेल्यास सहानुभूती मिळे. मूल निरुपयोगी किंवा अडचणीचे झाले, की त्याचा जीव घेतला जाई. १३ मुलांचे अपहरण आणि त्यांतील ९ जणांचे खून, असा आरोप या मायलेकींवर होता. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. कोल्हापूरच्या न्यायालयात सरकारची बाजू जळगावच्या उज्ज्वल निकम यांनी मांडली. खटला सुरू होण्यापूर्वीच अंजनाबाई मरण पावली. बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली, पण दयेच्या अर्जावरील निर्णयाला झालेल्या अवाजवी विलंबामुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

काही प्रकरणे दोन्ही चौकटींत बसतात. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात चार तरुणांनी जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांना मारले. त्यांपैकी पाच जण १ डिसेंबर १९७६ रोजी अभ्यंकरांच्या एकाच बंगल्यात मारले गेले. ती एक रात्र सुटी पाहिली तर सामूहिक हत्याकांड, पण सारे प्रकरण मिळून खुनांची मालिकाच.

सामूहिक हत्याकांडात मारेकरी बहुधा लपून राहत नाही. अनेकदा तो घरातला असतो आणि शेवटी स्वतःलाही संपवतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये ठाण्यातील कासारवडवली येथे एकाने कुटुंबातील १४ जणांना मारून गळफास घेतला. अशा वेळी कोणी मारले हे पहिल्या तासात कळते. का मारले, हे सांगणारा मात्र उरत नाही. याला अपवादही आहेत. जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातील बोरखेडा शिवारात ऑक्टोबर २०२० मध्ये, आईवडील परगावी गेले असताना, शेतातल्या घरात चार भावंडांची कुऱ्हाडीने हत्या झाली. तिथे मारेकऱ्याचा माग काढावा लागला.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जे घडले, ते या साऱ्यांहून वेगळे आहे, कारण तिथे मारेकरी अख्खा जमाव होता. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची कुटुंबे पिंपळनेरला पाल ठोकून राहिली होती. भिक्षा मागणे हा त्यांचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय. त्यांच्यातले पाच जण रविवारच्या आठवडे बाजारात राईनपाड्याला गेले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होते. या पाच जणांवर संशय घेतला गेला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि जमावाने मरेपर्यंत मारले. सोडवायला आलेल्या पोलिसांनाही मार बसला.

सिरियल किलरची भीती खोट्या रूपात पसरली आणि तिनेच हे सामूहिक हत्याकांड घडवले. मुले खरोखर पळवणाऱ्या गावित मायलेकी कडेवर मूल घेऊन गर्दीत मिसळत, आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. राईनपाड्यात मारले गेलेले पाच जण भरदिवसा, भर बाजारात, आपल्या नेहमीच्या वेशात फिरत होते. ठगांच्या काळी अनोळखी वाटसरूच्या बाजूने विचारणारे गावात कोणी नसे. राईनपाड्यातही त्यांना ओळखणारे, त्यांच्यासाठी शब्द टाकणारे कोणी जवळ नव्हते.

जमाव मारेकरी असला, की प्रत्येकाचा वाटा ठरवणे अवघड होते. शंभर हातांपैकी कोणाचा घाव जिवावर बेतला? जुन्या भारतीय दंड संहितेत बेकायदा जमावाचे कलम १४९ या कामी येई. समान उद्देशाने जमलेल्या प्रत्येकावर त्या कृत्याची जबाबदारी येते, असे ते सांगत असे. मोबाइलवर काढलेल्या चित्रफिती अशा खटल्यांत आता महत्त्वाचा पुरावा ठरतात. राईनपाड्यानंतर तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर जबाबदारी सोपवण्याचे आणि खटले जलदगती न्यायालयांत चालवण्याचे निर्देश दिले. व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३ (२) आले. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या खुनाला त्यात फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद आहे. अफवेवरून आलेला संशय या यादीत स्पष्ट शब्दांत नाही. राईनपाड्यासारखी घटना उद्या घडली, तर ती ‘तत्सम कारणा’त बसवावी लागेल किंवा बेकायदा जमावाच्या कलमाखालीच चालवावी लागेल.