रेस दिली की गाडी ‘कुंईऽऽ’ करते? आधी कान लावा, मग गॅरेज गाठा



आज जरा वेगळा विषय घेतोय. विषय गाडीचा आहे, पण धडा विज्ञानाचाच आहे.

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहतो. आईला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणून एक सेकंडहॅण्ड गाडी घेतली. गेल्या पावसाळ्यानंतर रेस दिली की बोनेटमधून ‘कुंईऽऽ’ असा आवाज यायला लागला. लिंक रोडचा फ्लायओव्हर चढताना तर आई विचारायची, “अरे, पोचू ना आपण?” एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटं ऐकून सांगितलं, “गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून मी गप्पच बसलो.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात ‘ध्वनी’ शिकवताना वारंवारतेचं उदाहरण म्हणून हा आवाज सांगितला. शेवटच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील ओशिवऱ्याला गाड्या दुरुस्त करतात. म्हणाला, “सर, गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस दिली तर येतो का आवाज?”

खरं सांगतो, मी हे करून पाहिलंच नव्हतं!

आवाज बारीक का होत जातो?

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. त्याच वेगाने फिरणाऱ्या गिअरला २० दाते असतील, तर दाते सेकंदाला ५० × २० = १००० वेळा एकमेकांत बसतात. म्हणजे १००० हर्ट्झचा स्वर. फेरे निम्मे केले की ५०० हर्ट्झ, म्हणजे हार्मोनियमवर बरोबर एक सप्तक खाली. बेअरिंग आणि पंपाचंही तसंच, वेग वाढला की स्वर चढतो. म्हणून ‘आवाज कशाच्या वेगाबरोबर चढतो, इंजिनच्या की चाकांच्या?’ हा पहिला प्रश्न.

पायरी पायरीने शोधूया

१. गाडी सपाट जागी उभी करा, हॅण्डब्रेक लावा. न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. आवाज येत नसेल आणि फक्त धावतानाच येत असेल, तर संशय चाकांचे बेअरिंग, टायर, गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअलवर.

२. उभ्या गाडीतही आवाज येत असेल, तर क्लच पूर्ण दाबा. न्यूट्रलमध्येही क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट फिरत असतो. क्लच दाबल्यावर आवाज थांबला, तर दोष गिअरबॉक्समध्ये असू शकतो. तसाच राहिला, तर इंजिनच्या बाजूला.

३. इंजिनच्या बाजूला असेल, तर एकेक भार वाढवून पाहा. स्टिअरिंग वळवल्यावर वाढला, तर हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंप किंवा त्याचं कमी झालेलं तेल. हेडलाइट लावल्यावर वाढला, तर अल्टरनेटर. एसी लावल्यावर वाढला, तर कॉम्प्रेसर.

४. आवाज फक्त धावताना येत असेल, तर रिकाम्या रस्त्यावर पाहा. विशिष्ट गिअरमध्येच येतो का? मग गिअरबॉक्स. उजवीकडे वळताना वाढतो का? त्या वेळी भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून डावं बेअरिंग तपासा. चालत्या गाडीत इंजिन मात्र कधीही बंद करू नका.

५. म्युझिक सिस्टीम बंद करून पाहायला विसरू नका. स्पीकरमधून येणारी ‘कुंई’ बहुधा अल्टरनेटरची किंवा अर्थिंगची विजेची कुरकुर असते.

एक लक्षात ठेवा, रिव्हर्समध्ये थोडा आवाज येणं बऱ्याच गाड्यांत नॉर्मल आहे, कारण त्या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात. बाकीच्यांचे तिरपे असतात, ते हळुवार बसतात.

आमच्या गाडीचं काय निघालं?

न्यूट्रलमध्ये आवाज आला. क्लच दाबला, तरी तसाच राहिला! म्हणजे गिअरबॉक्स सुटला. स्टिअरिंग, लाइट, एसी यांनी फरक पडला नाही. मग त्या मुलाच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका भागाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. पट्टा काढून इंजिन काही सेकंद चालवलं. आवाज गायब! म्हणजे दोष पट्ट्यावर चालणाऱ्या भागांतच. प्रत्येक पुली हाताने फिरवली, तर पट्ट्याला आधार देणारी आयडलर पुली खरखरली. बेअरिंगमधलं ग्रीस संपलं होतं. “साचलेल्या पाण्यातून गाडी काढता ना, त्यात पाणी शिरतं,” ते म्हणाले. पुली बदलली, भेगा गेलेला पट्टाही बदलला. गिअरबॉक्सला हातही लावला नाही.

दुरुस्तीत काय टाळू नये?

स्टिअरिंगचं तेल कमी असेल, तर गळती शोधल्याशिवाय नुसतं भरत राहू नका, पंप कोरडा चालला की जळतो. पट्टा तुटला की बॅटरी चार्ज होणं थांबतं आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही बंद पडून इंजिन तापतं. चाकाचं बेअरिंग तर एक दिवसही लांबवू नका, ते जिवावरचं काम आहे. आणि चालू इंजिनवर वाकताना ओढणी, सैल बाही, मोकळे केस लांब ठेवा. पट्टा आणि पुल्यांना हात लावायचं काम मेकॅनिकवरच सोपवा.

वर्गात काय करता येईल?

मुलांना घरचे आवाज ऐकायला सांगा: पंखा, मिक्सर, शिलाई मशीन. ‘आवाज कधी येतो, कधी थांबतो, कशाने वाढतो?’ असा तीन रकान्यांचा तक्ता करून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी तसंच ठेवायचं. प्रयोग म्हणजे दुसरं काय असतं?

आई आता गाडीत डुलकी काढते. आणि शेवटच्या बाकावरचा तो मुलगा? ‘ध्वनी’चा उरलेला धडा त्याने फळ्यापाशी उभं राहून माझ्याबरोबर शिकवला. आपल्या वर्गात असे किती जण गप्प बसलेत, तेही एकदा कान लावून ऐका.